जुना कॅमेरा परत आणताना

आपलाच कॅमेरा परदेशात नेऊन परत आणताना कस्टम्सचं शुल्क लागू नये म्हणून ‘भारतातलं बिल जवळ ठेवलं की झालं,’ असं सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे. बिलाचा उपयोग होतो, पण त्यावर सिरियल नंबर नसेल तर हाच तो कॅमेरा हे सिद्ध कसं करणार? त्यासाठी जातानाच विमानतळावरच्या कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट, म्हणजे ही वस्तू इथूनच नेली असा दाखला, घ्यावं. मी मुंबईहून निघताना घेतलं होतं. अधिकाऱ्यांनी कॅमेरा उलटा करून तळाचा नंबर कागदाशी ताडून पाहिला, मग लेन्सचा वेगळा पाहिला. लेन्सचा नंबर अगदी बारीक असतो, तो घरीच लिहून न्या. आणि हे सगळं बॅग चेक-इन करायच्या आधी, कारण वस्तू प्रत्यक्ष दाखवावी लागते.

अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो, त्यामुळे या सर्टिफिकेटची खरी गरज दुसरा लॅपटॉप, महागडा कॅमेरा, लेन्स यांना. मात्र फ्लॅट टीव्हीचं वेगळं आहे. ऑगस्ट 2013 पासून तो मोफत सवलतीत बसत नाही, आणायचाच असेल तर शुल्क धरूनच भावाची तुलना करा.