क्वाई नदीवरचा पूल पाहिलेल्या नाशिककरांनो, इथे लिहा

थायलंडला गेलेले बरेच जण बँकॉक-पट्टाया करून परततात. हा पूल कांचनबुरीला आहे, दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी युद्धकैदी आणि मजुरांकडून बांधून घेतलेल्या थायलंड-बर्मा रेल्वेवरचा. तिथे वाकडी वाट करून गेलेल्यांनी आपले अनुभव जरूर सांगा. सुरुवात मी करते.

पुलावरून चालत जाता येतं. रुळांच्या मधल्या पत्र्यावरून पावलं टाकायची, गाडी आली की कडेच्या सज्जात उभं राहायचं. कमानदार गाळे जपान्यांनी जावाहून आणलेले. मधले दोन सरळसोट गाळे मात्र युद्धानंतर बसवलेले, कारण मूळचे बाँबहल्ल्यात पडले. हे ठाऊक नसेल तर पूल नुसता फोटोपुरता उरतो.
– गंगापूर रोड

रेल्वेत नोकरी झाली, म्हणून मला पुलापेक्षा हेलफायर पास, म्हणजे याच लाईनसाठी कातळ फोडून काढलेली खिंड, पाहायचा होता. ४१५ किलोमीटरची लाईन १९४२-४३ मध्ये साधारण वर्षभरात टाकली, कशी, ते तिथे कळतं. कैद्यांनी हातोडा-पहारीने खडकात भोकं पाडायची, सुरुंग लावायचा, फुटलेला दगड हातांनी उपसायचा. रात्रीही, मशालींच्या उजेडात. भोकांच्या उभ्या पन्हळी कातळावर अजून दिसतात. एका भोकात तुटलेली पहार तशीच अडकलेली आहे. मी तिला हात लावला नाही, लावावासाच वाटेना. कसारा घाटाच्या बोगद्यांतून आयुष्यभर गेलो, पण तेही कुणी फोडले असतील हा विचार पहिल्यांदा तिथे आला.
– नाशिक रोड

मी तोफखान्यातला, देवळालीत स्थायिक. कांचनबुरीच्या युद्ध स्मशानभूमीत या लाईनवर मेलेल्या युद्धकैद्यांच्या सुमारे सात हजार कबरी, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच. बहुतेक पाट्यांवर नाव, अनेकांवर वयही. २२, २४, २६. पाट्या वाचत गेलो आणि पाय जड झाले. जवान कुठल्याही देशाचा असो, सलाम केलाच.

पण एक गोष्ट सलते. या लाईनवर युद्धकैदी मेले बारा हजारांवर. आशियाई मजूर त्याच्या कितीतरी पट, काही अंदाजांनुसार ९० हजार. मलायातल्या रबराच्या मळ्यांतून नेलेले तमिळ त्यात मोठ्या संख्येने होते. पटकी, मलेरिया, उपासमार. त्यांच्या नावाच्या पाट्या नाहीत. आपल्या सहल कंपन्यांचे गाईड त्यांचा उल्लेखही करत नाहीत, तो त्यांनी करायलाच हवा. तुम्ही गेलात तर विचारा.
– देवळाली कॅम्प

आईला घेऊन गेले होते. कांचनबुरीहून नाम टोकची पॅसेंजर पकडा आणि जाताना डावीकडे बसा. कड्याला लगटून लाकडी खांबांवरून गाडी अगदी हळू जाते, खाली नदी. ज्येष्ठांना झेपतं, फक्त पाणी आणि टोपी हवीच.
– इंदिरानगर