विषय: रिचनेक शाळेचा निकाल आणि शिक्षकांबाबत शाळेची जबाबदारी

आपल्या मराठी मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, न्यूपोर्ट न्यूज या शहरातील रिचनेक प्राथमिक शाळेत ६ जानेवारी २०२३ रोजी पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलाने आपल्या वर्गशिक्षिका अ‍ॅबी झ्वर्नर यांच्यावर गोळी झाडली होती. त्या प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये ज्युरीने (न्यायालयात निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने) झ्वर्नर यांना १ कोटी डॉलर भरपाई मंजूर केली. मी व्हर्जिनियातच एका सरकारी शाळेत शिकवते. आता शाळांना कोर्टात खेचता येईल, असा या निकालाचा अर्थ आमच्या स्टाफरूममध्ये सर्रास लावला जातो. तो कितपत बरोबर आहे? आपल्यापैकी कायद्याशी किंवा विम्याशी संबंध असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आपली नम्र,
एक शिक्षिका सभासद, रिचमंड

—

ताई, नमस्कार.

निवृत्तीपूर्वी मी वर्कर्स कॉम्पचे, म्हणजे कामावर झालेल्या इजेबद्दल कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या विमा-भरपाईचे, दावे हाताळत असे, त्यामुळे या खटल्याकडे माझे लक्ष सुरुवातीपासून होते. आपल्या स्टाफरूममधला निष्कर्ष मला घाईचा वाटतो.

मुळात हा दावा ज्युरीपुढे जाणे हीच अवघड गोष्ट होती. कामावर असताना आणि कामाच्या स्वरूपामुळे इजा झाली, तर कर्मचाऱ्याला कोणाचीही चूक सिद्ध न करता वर्कर्स कॉम्प मिळते. व्हर्जिनियात त्यात औषधोपचाराचा खर्च आणि सरासरी पगाराच्या दोन तृतीयांश रक्कम, सहसा जास्तीत जास्त ५०० आठवडे, एवढे येते. वेदना, भीती, मोडून पडलेले आयुष्य यांचे त्यात काहीही मिळत नाही, आणि या सोयीच्या बदल्यात मालकावर दावा लावण्याचा हक्क कर्मचारी गमावतो. शाळा मंडळाने नेमके हेच पुढे केले: विद्यार्थ्याने शिक्षकावर हल्ला करणे हा या व्यवसायातलाच धोका आहे, तेव्हा बाईंनी वर्कर्स कॉम्प घ्यावे आणि ४ कोटी डॉलरचा दावा फेटाळला जावा. कामगाराच्या रक्षणासाठी केलेला कायदा मालकाने असा ढालीसारखा वापरलेला मी नोकरीत पुष्कळदा पाहिला आहे, तरी एका शाळेने तो अशा प्रसंगी वापरावा याचा मला संताप आला, हे लपवत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी हा युक्तिवाद अमान्य केला. विद्यार्थ्याकडून गोळी लागणे हा पहिलीच्या शिक्षिकेच्या कामाचा विशिष्ट धोका नाही, असे त्यांनी ठरवले आणि म्हणूनच खटला पुढे चालला. पण याची दुसरी बाजू पाहा. मूल अवघे सहा वर्षांचे होते, म्हणून हे मान्य होणे सोपे गेले. उद्या एखाद्या हायस्कूलमध्ये सतरा वर्षांच्या मुलाने शिक्षकाला ठोसा मारून जबडा मोडला, तर तो व्यवसायातलाच धोका ठरून सारे वर्कर्स कॉम्पवर थांबण्याची शक्यता बरीच मोठी आहे.

पुढचा अडसर सरकारी संरक्षणाचा. व्हर्जिनियात सरकारी शाळेच्या अधिकाऱ्याला साध्या निष्काळजीपणासाठी सहसा जबाबदार धरता येत नाही, त्यासाठी घोर निष्काळजीपणा, म्हणजे दुसऱ्याच्या सुरक्षिततेची जवळजवळ संपूर्ण बेपर्वाई, सिद्ध करावी लागते. सुपरिंटेंडंट (शहरातील सरकारी शाळांचे प्रमुख) आणि मुख्याध्यापिका यांना न्यायालयाने खटल्यातून वगळले, आणि ज्युरीसमोर प्रतिवादी म्हणून उरल्या त्या एकट्या तत्कालीन उपमुख्याध्यापिका. मुलाजवळ बंदूक असावी, अशी शंका त्या दिवशी एकाहून अधिक कर्मचाऱ्यांनी त्यांच्या कानावर घातली होती. दप्तर तपासले गेले, त्यात काही सापडले नाही, पण मुलाची झडती घेतली गेली नाही. दुपारी दोनच्या सुमारास गोळी सुटली, ती झ्वर्नर बाईंच्या डाव्या हातातून जाऊन छातीत शिरली. इशारे इतके स्पष्ट नसते, तर माझ्या मते हा निकाल लागला नसता.

इतर राज्यांत परिस्थिती आणखी कठीण आहे. मिशिगनमधील ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये २०२१ साली चार विद्यार्थी मारले गेले, पण तिथल्या राज्य न्यायालयांनी सरकारी संरक्षणाच्या आधारे शाळेच्या कर्मचाऱ्यांवरील दावे फेटाळले.

आपला,
एक निवृत्त सभासद, नॉर्फोक

—

काका, नमस्कार.

आपण इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. एका बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. इशारे स्पष्ट होते हे खरे, परंतु झडतीचा निर्णय एकाच व्यक्तीच्या हाती असणे, ती नाही म्हणाली तर थेट पोलिसांना कळवण्याची मुभा आपल्याला आहे की नाही हे शिक्षकांना ठाऊक नसणे, आधी शिक्षिकेचा फोन फोडून निलंबित झालेला मुलगा वर्गात परत येणे, हे सारे एका उपमुख्याध्यापिकेच्या खात्यावर कसे टाकता येईल? त्यांच्यावर एप्रिल २०२४ मध्ये फौजदारी आरोपही ठेवले गेले. मुलाच्या आईलाही शिक्षा झाली. ज्या व्यवस्थेने हे घडू दिले, तिच्यापर्यंत मात्र ना ज्युरी पोचली ना दंड. आम्हा शिक्षकांना भरपाईपेक्षा लेखी नियम हवा आहे: शस्त्राची शंका आली की कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता वर्ग रिकामा करता आला पाहिजे.

आपली,
रिचमंडची शिक्षिका सभासद

—

ताई, आपला मुद्दा मान्य आहे. लेखी नियम असता, तर तो मोडल्याचा पुरावाही हाती आला असता. शंका तोंडी न सांगता ईमेलने कळवावी आणि वेळ नोंदलेली राहील हे पाहावे, एवढे तरी आपल्या सहकाऱ्यांना आजच सांगा.

जाता जाता कार्यकारिणीस एक विनंती. आपल्या रविवारच्या मराठी शाळेतले शिक्षक स्वयंसेवक असल्याने त्यांना सर्वसाधारणपणे वर्कर्स कॉम्प लागू होत नाही. १९९७ चा स्वयंसेवकांच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा स्वयंसेवकावरील दाव्यांना बऱ्याच अंशी आळा घालतो, परंतु घोर निष्काळजीपणा त्यातून वगळलेला आहे आणि संस्थेला त्याचे संरक्षण मुळीच नाही. आपल्या मराठी मंडळाच्या विमा पॉलिसीत स्वयंसेवकाला झालेल्या इजेचा समावेश आहे का, हे पुढील बैठकीपूर्वी तपासून सभासदांच्या ईमेल यादीवर कळवावे.