आंतरराष्ट्रीय संबंधात एम.ए. झाल्यावर नोकरी शोधायची तरी कुठे?

सागरतळ

नमस्कार मंडळी. आंतरराष्ट्रीय संबंध विषयात एम.ए. करतेय, शेवटचं सत्र चालू आहे. प्रबंध वानुआतूवर आहे. एवढासा बेटांचा देश हवामानबदलाचा प्रश्न थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत कसा घेऊन गेला, हा विषय. अभ्यास मनापासून आवडतो, मार्कही बरे आहेत. पण नोकरीचं बघायला लागले आणि गाडी अडली. या विषयाचा पदवीधर हवा अशी जाहिरात शोधून सापडत नाही.

वर्गात सगळ्यांची उत्तरं ठरलेली आहेत. परराष्ट्र सेवा, नाहीतर संयुक्त राष्ट्रं, नाहीतर पीएच.डी. पहिलीची परीक्षा मला द्यायची नाही (का, ते विचारू नका, घरी रोज तोच विषय असतो). दुसरीबद्दल सध्या जे वाचतेय त्याने धडकी भरते. तिसरीला इतक्यात धीर होत नाही. चौथं काही आहे का? प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी लिहिलंत तर फार बरं होईल. 'ओळखी वाढव', 'आवड जप' छापाचे सल्ले भरपूर मिळालेत, ते नकोत.

---

कागदी_घोडा

दुसऱ्या वाटेबद्दल मी सांगतो, कारण तिथे काही वर्षं काढलीत. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालच्या एका संस्थेत कंत्राटावर होतो. कंत्राट संपलं, पुढचं आलं नाही.

तरुणांसाठी सरळ दार एकच, यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅमची परीक्षा. वय ३२ पर्यंत, आणि त्या वर्षीच्या यादीत तुमचा देश हवा. सचिवालयात ज्या देशांचे लोक कमी आहेत त्यांनाच बोलावतात आणि यादी बदलत राहते, म्हणून आधी ती बघा, अभ्यासाला मागाहून लागा. पास झालात की लगेच नेमणूक, असंही नाही. नाव रोस्टरवर चढतं आणि जागा निघायची वाट बघायची. दुसरी वाट ज्युनिअर प्रोफेशनल ऑफिसरची. तिथे त्या पदाचा खर्च देणारा देश मुख्यतः आपल्याच नागरिकांना पाठवतो. विकसनशील देशांतल्या उमेदवारांचा खर्च उचलणारे देश मोजकेच. सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते, तेव्हा घरचं पाठबळ नसेल तर तो विचार सोडा. त्यापेक्षा यूएन व्हॉलंटियर्स बघा. नाव स्वयंसेवकाचं असलं तरी निर्वाहभत्ता मिळतो आणि काम खरं असतं.

आता धडकीचं. ती उगाच भरलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि १ जुलैपासून ती मदत वाटणारी यूएसएड ही संस्था स्वतंत्र म्हणून उरलीच नाही. निर्वासितांसाठी काम करणाऱ्या यूएनएचसीआरने त्या वर्षी सुमारे ३,५०० पदं कमी केली. अर्थ असा की आज एखादी कनिष्ठ जागा निघाली तर तुमच्या शेजारी दहा-दहा वर्षांचा अनुभव असलेली, दोन-तीन भाषा येणारी, नुकतीच घरी बसलेली माणसं अर्ज करताहेत. तुम्ही हुशार असाल हो, पण रांगच तशी आहे.

जाता जाता एक. पुढे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान १९६२ मध्ये या व्यवस्थेत शिरले ते जागतिक आरोग्य संघटनेत प्रशासन आणि अंदाजपत्रकाचे अधिकारी म्हणून. शांतता-बिंतता पुढची. आजही भरतीची पानं उघडलीत तर खरेदी, लेखा, मनुष्यबळ, संगणक याच जागा ढिगाने दिसतील.

---

चौकशीखिडकी

चौथं आहे. पण त्या जाहिरातीत तुझ्या विषयाचं नाव नसतं, म्हणून ती तुला दिसत नाही. (तू म्हणतेय, चालेल ना? भाची तुझ्याच वयाची आहे.) 'सँक्शन्स ॲनालिस्ट', 'एक्सपोर्ट कंट्रोल', 'ट्रेड कम्प्लायन्स', 'कंट्री रिस्क' हे शब्द टाकून शोध. बँका, जहाज कंपन्या, विमा, चिप बनवणारे, मोठ्या वकिली फर्म, सगळीकडे ही टेबलं आहेत, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यापासून ती बरीच वाढलीत.

मी स्वतः एका बँकेच्या निर्बंध विभागात बसते. सरकारांनी याद्या काढून ज्यांच्याशी व्यवहाराला बंदी घातलीय त्यांच्याशी बँकेचा व्यवहार होत नाही ना, हे बघायचं. एम.ए. तुझ्याच विषयात. काम काय असतं ते एका प्रकरणावरून सांगते, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

आमच्या ग्राहकाला चिप विकायच्या होत्या. बिलावर एचएस कोड (जगभर मालाची वर्गवारी करणारा क्रमांक) ८५४२.३१, म्हणजे प्रोसेसर आणि कंट्रोलर. घेणारी कंपनी किर्गिझस्तानातली. रक्कम जुळत होती, कागद पूर्ण होते, कुणाचंही नाव कुठल्याही यादीत नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा मुलगा हिशेबात एकदम पक्का. तो मंजुरी द्यायला निघाला होता. मी म्हटलं, थांब जरा.

तो कोड अमेरिका, युरोपीय संघ, ब्रिटन आणि जपान यांनी मिळून काढलेल्या ५० कोडांच्या यादीत आहे, तोही पहिल्या गटात. रशियाच्या क्षेपणास्त्रांत आणि ड्रोनमध्ये जे भाग सापडत गेले त्यांवरून ती यादी झाली. मग कंपनीची नोंदणी बघितली, तर २०२२ च्या उन्हाळ्यातली. संकेतस्थळावर अजून फर्निचरचे फोटो. सोफे विकणाऱ्याला अचानक प्रोसेसर कशाला हवेत? इथवर तो मुलगाही पोचला असता. पण किर्गिझस्तान २०१५ पासून रशियाबरोबर युरेशियन आर्थिक संघात आहे आणि त्या संघाचं सीमाशुल्क क्षेत्र एकच आहे, म्हणजे माल बिश्केकला उतरला की पुढे रशियात न्यायला वाटेत जकातीची चौकी नाही, हे त्याला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. ते बिलावर लिहिलेलं नसतं. तू ते प्रादेशिक संघटनांच्या पेपरात शिकली असशील आणि परीक्षेनंतर विसरलीही असशील.

आम्ही ग्राहकाकडे अंतिम वापरकर्त्याचा पुरावा मागितला. आला नाही. व्यवहार परत पाठवला.

दुसरा रोजचा प्रकार मालकीचा. अमेरिकेचा नियम असा की निर्बंध लागलेल्या लोकांचा हिस्सा मिळून ५० टक्के किंवा जास्त भरला, तर यादीत नाव नसलेली कंपनीही बंद धरायची. एकाचे ३० आणि दुसऱ्याचे २५, झाले ५५. सोपं वाटतं. मग कळतं की दुसऱ्याने आपला हिस्सा निर्बंध लागायच्या आदल्या आठवड्यात मेहुण्याच्या नावावर केलाय. आता हे खरं हस्तांतर की पडद्याआडून तोच? इथे त्या देशातलं राजकारण माहीत असलेलं माणूस लागतं. कोण कुणाच्या मर्जीतलं, कुठल्या मंत्रालयाचं कंत्राट कुणाला जातं, वगैरे.

बँका यावर पैसे का खर्च करतात म्हणशील, तर भीतीपोटी. २०१४ मध्ये बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेने सुदान, इराण आणि क्यूबा यांच्याशी संबंधित व्यवहारांवरून अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि जवळपास ९ अब्ज डॉलर भरले. तो आकडा आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे.

आता नावडतं सांगते. सुरुवातीचं काम कंटाळवाणं आहे. संगणक नावं जुळवतो आणि इशारे फेकतो, त्यातले बहुतेक फुसके. नाव तेच, पण जन्मतारीख वेगळी, जन्मगाव वेगळं, पासपोर्ट वेगळा. तपासा, दोन ओळींचं कारण लिहा, बंद करा, पुढचा घ्या. दिवसभर. पण ती दोन ओळींची कारणं ज्याला नीट लिहिता येतात त्याला लवकर उचलतात, कारण अवघड प्रकरणावर वरिष्ठांसाठी टिपण लिहायला माणूस मिळत नाही. यादी उपसण्यातच दोन-तीन वर्षं गेली तर मात्र जागा बदल, तिथे काही शिकायला उरत नाही.

---

खडूधूळ

मी हा विषय शिकवतो. वरचा प्रतिसाद आवडला, तरी थोडा विरोध नोंदवतो. निर्बंधांच्या टेबलावर बसलं की जग यादी करणाऱ्याच्या चष्म्यातून दिसायला लागतं. माझे काही चांगले विद्यार्थी तिकडे गेले. आता भेटले की 'हाय रिस्क देश' म्हणतात आणि पुढे बोलतच नाहीत. तिथे माणसं राहतात हे शिकवायला आम्ही दोन वर्षं घालवतो.

पीएच.डी.बद्दल: कायमच्या जागा थोड्या आणि थिंक टँकमधल्या जागा प्रकल्पाच्या पैशावर. प्रकल्प संपला की खुर्ची गेली. एखाद्या प्रश्नाने झोप उडवली असेल तरच करा. नोकरी मिळत नाही म्हणून पीएच.डी. करणाऱ्याला पाच वर्षांनी तोच प्रश्न पडलेला मी पाहिलाय.

माझा खरा आग्रह भाषेचा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना स्पॅनिश शिकवायला साधारण ३० आठवडे धरते आणि अरबी, चिनी, जपानी, कोरियनला ८८. तेही पूर्णवेळ वर्गात बसून. नोकरी लागल्यावर शिकू म्हणणारे शिकत नाहीत. वानुआतूवर काम करताय तर फ्रेंच घ्याच. तिथली ती एक अधिकृत भाषा आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात कामकाजाच्या दोन भाषांपैकी एक.

---

सागरतळ

सगळ्यांचे मनापासून आभार. कागदी_घोडा, वाचून वाईट वाटलं, पण खोट्या आशेपेक्षा बरं. चौकशीखिडकी ताई, किर्गिझस्तानचं वाचून मी खरंच जुनी वही काढली. आहे त्यात, एक परिच्छेद.

दोन प्रश्न. माझा प्रबंध हवामानावर आहे, निर्बंधांवर नाही. मग मला कोण उभं करणार? आणि प्रोग्रॅमिंग शिकू का? सगळे तेच सांगतात.

---

चौकशीखिडकी

आधी खडूधूळ सरांना. सर, चष्मा लागतो, मान्य. पण कुठली यादी सुरक्षा परिषदेची, कुठली एकट्या वॉशिंग्टनची, आणि दुसरी पाळली नाही तर डॉलरच्या व्यवहारांतून बाहेर फेकले जातो म्हणून सगळे कसे निमूट पाळतात, हे मला वर्गात कळलं नव्हतं. सत्ता म्हणजे काय ते या टेबलावर रोज दिसतं. तुमचे विद्यार्थी 'हाय रिस्क' म्हणून गप्प बसतात यात दोष टेबलाचा किती, हे बघायला हवं.

आता तुझं. प्रबंधाचा विषय कुणी विकत घेत नाही, पण तो करताना हाताला लागलेली सवय घेतात. वानुआतूची गोष्ट तुला माझ्याहून जास्त माहीत असणार. २०१९ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांनी कल्पना काढली, मार्च २०२३ मध्ये महासभेचा ठराव झाला, जुलै २०२५ मध्ये न्यायालयाचं मत आलं. हे लिहिताना तू ठरावाचे मसुदे शेजारी-शेजारी ठेवून वाचले असशील ना? कुठला शब्द आला, कुठला गळला? वाटाघाटींच्या मसुद्यात चौकोनी कंसात असतं ते अजून ठरलेलं नसतं, हे माहीत असलेली माणसं कंपन्यांत फार कमी आहेत. आणि आता त्यांना ती लागताहेत. युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन आकार, सीबॅम म्हणतात तो, १ जानेवारी २०२६ पासून पुरता लागू झालाय. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज युरोपात आणणाऱ्या आयातदाराला (अगदी थोडा माल सोडला तर) उत्सर्जनाचा हिशेब द्यावा लागतो, आणि तो आकडे माल पाठवणाऱ्या कंपन्यांकडे मागतो. नियमांचं बाड वाचून 'आपल्याला यातलं काय लागू' हे दोन पानांत सांगणारं कुणी त्यांच्याकडे नसतं. पॅरिस कराराच्या सहाव्या कलमाखालच्या कार्बन बाजाराचंही (देश एकमेकांना उत्सर्जनातली कपात विकतात तो) तेच. तू हवामानातलीच आहेस, माझ्या टेबलाकडे यायची गरजच नाही. शोधताना 'सीबॅम' आणि 'कार्बन मार्केट्स पॉलिसी' हेही टाक.

प्रोग्रॅमिंग: नको म्हणत नाही, पण आधी एक्सेल नीट शिक. पिव्होट टेबल आणि दोन याद्या जुळवणं एवढं आलं तरी मुलाखतीत फरक पडतो. मग यूएन कॉमट्रेडवरून व्यापाराचे आकडे उतरवून घे आणि एखाद्या देशाची एका कोडखालची आयात २०२१ आणि २०२३ मध्ये ताडून बघ. आर्मेनिया, कझाकस्तान, कुठलाही घे. स्वतःच बघ काय दिसतं ते.

आणि प्रबंध कुणाला पाठवू नकोस, कुणी वाचत नाही. त्यातून दोन पानांचं टिपण काढ. पहिल्या परिच्छेदात निष्कर्ष, मग कारणं, शेवटी 'हे घडलं तर मत बदलेन'. ही शेवटची ओळ विद्यार्थी कधीच लिहीत नाहीत. अनेक ठिकाणी निवडीच्या वेळी हेच तासाभरात लिहून मागतात.

---

कागदी_घोडा

टिपणाबद्दल सहमत. आमच्याकडेही परीक्षा तीच होती, फक्त वेळ आणखी कमी.

---

नवखा_वाचक

मीही शेवटच्या वर्षाला आहे, गुपचूप वाचत होतो. ताई, ते निर्बंधांचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतात, अकॅम्सचे वगैरे, ते आधी करून ठेवावेत का?

---

चौकशीखिडकी

स्वतःच्या खिशातून नको. नोकरी लागली की बऱ्याच बँका खर्च देतात, मुलाखतीत सरळ विचारायचं. तोवर सुरक्षा परिषदेची एकत्रित यादी, अमेरिकेच्या ओफॅकची (तिथल्या अर्थखात्याचं निर्बंध कार्यालय) यादी आणि युरोपीय संघाची यादी फुकट उतरवून घेता येतात. एकच नाव तिन्हींत शोधून बघा. तिन्हीकडे असेल तर कारण काय दिलंय ते वाचा, आणि एकीकडेच असेल तर बाकीच्यांनी ते का घेतलं नाही, यावर अर्धं पान लिहा. मुलाखतीला ते पान घेऊन जा.