शब्दचर्चा : लोभ, वासना, महत्त्वाकांक्षा, स्वार्थ – बायबलच्या मराठीत या शब्दांची व्याप्ती किती?

टिपणकार :
फिलिप्पैकरांस पत्र २:३ वर मंडळीच्या अभ्यासवर्गासाठी टिपण तयार होत आहे. आपल्या पवित्र शास्त्रात तिथे 'तट पाडण्याच्या अथवा पोकळ डौल मिरवण्याच्या बुद्धीने काहीही करू नका' असे आहे. बहुतेक आधुनिक इंग्रजी आवृत्त्यांत त्याच जागी 'सेल्फिश अँबिशन' आहे. मग मराठीत 'तट' कुठून आला? 'स्वार्थी महत्त्वाकांक्षा' असे लिहिले तर चालेल का? वर्गातल्या तरुणांचा प्रश्न सरळ आहे : महत्त्वाकांक्षा हेच पाप आहे का?

मूळपाठ :
मूळ ग्रीक शब्द एरिथेइया. नव्या करारात तो ७ वेळा येतो : रोम २:८, २ करिंथ १२:२०, गलती ५:२०, फिलिप्पै १:१७ आणि २:३, याकोब ३:१४ आणि ३:१६. एरिथोस म्हणजे मजुरीवर काम करणारा, त्यावरून एरिथेइया. ॲरिस्टॉटलने राज्यकारभारावर लिहिताना हा शब्द पदासाठी माणसे जमवणे, खटपटी-लटपटी करणे या अर्थाने वापरला आहे. स्वतःसाठी पद मिळवायचे तर आपली माणसे गोळा करावी लागतात, आणि आपली माणसे गोळा झाली की तट पडतो. म्हणजे मराठी भाषांतरकारांनी परिणामाचा शब्द घेतला आणि इंग्रजीने हेतूचा. दोन्हींना आधार आहे. गलती ५:२० मध्ये हा शब्द भांडणे आणि फुटी यांच्या रांगेतच बसला आहे.

अडचण वेगळीच आहे. ज्याच्यामागे कोणताही गट नाही तो 'तट' वाचून निश्चिंत होतो, हे वचन आपल्यासाठी नाही असे त्याला वाटते. म्हणून १:१७ शेजारी ठेवून वाचा. पौल तुरुंगात आहे आणि काही जण एरिथेइयाने ख्रिस्ताची घोषणा करत आहेत. काम सुवार्तेचे, म्हणजे उत्तम. बुद्धी मात्र पौलाला खाली दाखवण्याची. चांगल्या कामाच्या आतही हे असू शकते, हा त्या पत्राचा रोख आहे.

'स्वार्थी महत्त्वाकांक्षा' चूक नाही, पण ते इंग्रजीच्या साच्यातले विशेषण-नाम आहे, मराठी कानाला त्यातून चित्र दिसत नाही. बोलताना 'आपलेच घोडे पुढे दामटण्याच्या बुद्धीने' म्हणा. खेड्यातल्या आजीलाही लगेच कळते.

वसईकर :
'तट' सोडून जरा 'लोभ' घेऊ, कारण मराठीत खरा घोळ तिथे आहे. आपण पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहितो. तो लोभ म्हणजे माया. दहा आज्ञांत 'लोभ धरू नकोस' येते, तो दुसराच. निर्गम २०:१७ मध्ये शेजाऱ्याच्या घराचा 'लोभ' आणि शेजाऱ्याच्या स्त्रीची 'अभिलाषा' असे दोन शब्द आपल्या भाषांतरात आहेत. हिब्रूत मात्र दोन्हीकडे एकच क्रियापद आहे, हामद. अनुवाद ५:२१ मध्ये हिब्रूच दोन क्रियापदे वापरते.

आणि हामद स्वतः वाईट शब्द नाही. उत्पत्ती २:९ मध्ये देवाने बागेत लावलेली झाडे दिसण्यास मनोहर आहेत, तिथे हाच धातू. स्तोत्र १९ मध्ये देवाचे निर्णय सोन्याहून हवेसे वाटणारे आहेत, तिथेही हाच. आज्ञेतला दोष 'हवेसे वाटणे' यात नसून 'शेजाऱ्याचे' या शब्दात आहे. सबंध वचनात शेजारी पुनःपुन्हा येतो तो यासाठीच. घर हवे असणे वेगळे, त्याचे घर हवे असणे वेगळे.

जाता जाता : कॅथलिक आणि ल्यूथरन गणनेत ही आज्ञा नववी व दहावी अशी दुभंगते, इतर बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत ती एकटी दहावी. मिश्र वर्गात 'दहावी आज्ञा' म्हणाल तर निम्मे लोक फक्त मालमत्तेचाच विचार करतील. वचनाचा क्रमांक सांगा, आज्ञेचा नको.

मूळपाठ :
पूर्ण सहमत. याच न्यायाने 'वासना'. जुन्या मराठीत वासना म्हणजे कोणतीही ओढ. 'अन्नावर वासना नाही' हे आजही ऐकू येते. पण वर्तमानपत्री मराठीने तिला लैंगिक अर्थात कोंडले. परिणाम असा की याकोब १:१४-१५ वाचणारा, 'वासना गर्भवती होऊन पापाला जन्म देते' हे फक्त शरीरसंबंधाबद्दल आहे असे धरतो, आणि जमिनीची, पदाची, कौतुकाची वासना त्यातून सुटते.

तिथला ग्रीक शब्द एपिथुमिया आहे. लूक २२:१५ मध्ये येशू शिष्यांना सांगतो की दुःख भोगण्यापूर्वी हे वल्हांडणाचे भोजन तुमच्याबरोबर करण्याची मला फार इच्छा होती, तिथेही एपिथुमियाच, आणि जोर देण्यासाठी नाम व क्रियापद दोन्ही एकापुढे एक. तिथे मराठीत 'वासना' लिहिता येणार नाही हे उघड आहे. पण शब्द एकच हे वर्गात सांगायलाच हवे, नाहीतर ख्रिस्ती शिकवण म्हणजे इच्छा मारणे असा समज पक्का होतो. स्तोत्र ३७:४ इच्छा मारायला सांगत नाही. 'तो तुझे मनोरथ पूर्ण करील' असे म्हणते, पण त्याआधी आनंद परमेश्वराच्या ठायी ठेवते. क्रम उलटा केला की प्रार्थना ही मागण्यांची यादी होते.

टिपणकार :
मग 'महत्त्वाकांक्षा' या शब्दाला बायबलमध्ये चांगल्या अर्थाची जोड आहे का?

मूळपाठ :
आहे. फिलोटिमेओमाइ, शब्दशः 'मानाची आवड धरणे'. ३ वेळा येतो. रोम १५:२० : जिथे ख्रिस्ताचे नाव पोचलेले नाही तिथे सुवार्ता सांगणे. २ करिंथ ५:९ : त्याला संतोषवणे. १ थेस्सल ४:११ : शांत राहणे, आपापले काम करणे, हातांनी कष्ट करणे. तिसरे उदाहरण वर्गात जरूर घ्या. त्या काळच्या नगरांत फिलोटिमिया म्हणजे श्रीमंताने गावासाठी खर्च करून आपले नाव दगडावर कोरून घेणे. पौल तोच शब्द उचलतो आणि म्हणतो, हौस धरा ती गाजावाजा न करता जगण्याची आणि कोणावर भार न होण्याची.

वसईकर :
लॅटिन बाजूही पाहा. आंबिरे म्हणजे भोवती फिरणे. रोममध्ये उमेदवार मतांसाठी फिरत, त्यावरून आंबितिओ. म्हणून चर्चच्या जुन्या लेखनात या शब्दाला मळलेला वास आहे. येशूसंघाचे (जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे) लोक १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियरसह गोव्यात आले. त्या संघात अंतिम व्रते घेणारे आजही वेगळे वचन देतात, की संघात वा बाहेर कोणत्याही पदासाठी 'फिरणार' नाही, आणि कोणी फिरताना कळले तर ते वरिष्ठांना सांगतील. मोठे काम हाती घ्यायला बंदी नाही, पदामागे लागायला आहे.

मध्ययुगातल्या थॉमस अक्विनास या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने तर याची काटेकोर विभागणी केली आहे. त्याच्या मते मानाची इच्छा तीन प्रकारे बिघडते : अंगी नसलेल्या गुणाबद्दल मान हवा असणे, मान देवाकडे न वळवता स्वतःपाशी ठेवणे, आणि तो इतरांच्या उपयोगी न आणता मानातच थांबणे. लगेच पुढे तो कोतेपणालाही पाप म्हणतो, म्हणजे अंगात कुवत असून मागे राहणे. उदाहरण मत्तय २५ मधल्या पैसे पुरून ठेवणाऱ्या दासाचे. एक तालांत म्हणजे साधारण ६००० दिनार, आणि दिनार ही एका दिवसाची मजुरी. जवळजवळ २० वर्षांची कमाई त्याने मातीत घातली. 'महत्त्वाकांक्षा पाप आहे' म्हणून परीक्षेचा अर्जच न भरणाऱ्या मुलासमोर हा दाखला ठेवायला हवा.

शुद्धपाठी :
एक लेखनाचा मुद्दा. महत् + त्व, म्हणून महत्त्व. 'महत्वाकांक्षा' असा एकच त छापला जातो, तो चूक. आणि अर्थाबद्दल : 'ईर्ष्या' विसरू नका. 'ईर्ष्येने अभ्यास केला' यात मत्सर नाही, जिद्द आहे. ग्रीक झेलोसही असाच दुधारी. याकोब ३:१४ मध्ये तो मत्सर होतो, १ करिंथ १२:३१ मध्ये त्याचेच क्रियापद कृपादानांची उत्कट इच्छा होते.

टिपणकार :
'स्वार्थ' राहिला. स्वहित पाहणे म्हणजे स्वार्थ का?

मूळपाठ :
नाही. २ तीमथ्य ३:२ मधला 'स्वार्थी' म्हणजे ग्रीक फिलाउतोस, स्वतःवरच प्रेम करणारा. 'जशी आपणावर तशी आपल्या शेजाऱ्यावर प्रीती कर' यात आपणावरची प्रीती गृहीत आहे. दोष येतो तो तिथे दुसरा कोणी उरत नाही तेव्हा.

लूक १२ मधला धनवान शेतकरी बघा. त्याने कोणाला फसवलेले नाही, जमीनच पिकली. ग्रीकमध्ये तो थोड्या ओळींत चार वेळा 'माझे' म्हणतो : माझे पीक, माझी कोठारे, माझा माल, माझा जीव. आणि सल्ला घेतो तो स्वतःच्याच जिवाचा. मराठीत अशा वाक्यात सहज 'आपली कोठारे', 'आपला माल' येते, व्याकरणाला तेच शोभते, पण त्यामुळे 'माझे'चा घाव बोथट होतो. मोठ्याने वाचताना चारही ठिकाणी 'माझे' म्हणून पाहा. अशा माणसाला मराठीत नेमका शब्द आहे : अप्पलपोटा. पोट हाच ज्यांचा देव, असे पौल फिलिप्पै ३:१९ मध्ये म्हणतो, त्याच्या अगदी जवळचा.

वसईकर :
टिपणात २:३ एकटे छापू नका, २:४ जोडून द्या. तिथे 'दुसऱ्याचेही पाहा' असे आहे. फळ्यावर लिहिताना तो 'ही' हमखास गळतो, आणि मग स्वतःचे अजिबात पाहू नका असे वाचले जाते. घरात राबराब राबणाऱ्या बाईला तो गळलेला 'ही' फार महागात पडतो.