ग्रीन बेला मॅच बघायची आहे: नागपूरहून दोघं, पासपोर्ट कोरे

मेडिकल चौकातलं घुबड

नमस्कार मंडळी. प्रश्न आधी सांगून टाकतो, कारण पुढे पाल्हाळ होणार आहे. अमेरिकन फुटबॉलची, म्हणजे एनएफएलची एक मॅच मैदानात बसून बघायची आहे. मी ५४, सौ. ५०. बजेट साडेसहा लाख, ताणून सात. अमेरिकेतलं ग्रीन बे गाठावं की जवळचं लंडन करून मोकळं व्हावं?

आता पाल्हाळ. मेडिकल चौकाजवळ माझं औषधांचं दुकान आहे, रात्रभर उघडं असतं. रविवारची रात्र मी स्वतः बसतो, कारण त्या दिवशी दुसरा कोणी बसायला तयार नसतो. हा खेळ जणू रात्रपाळीवाल्यांसाठीच काढलाय. सप्टेंबर-ऑक्टोबरात पहिल्या मॅचेस आपल्याकडे साडेदहाला लागतात, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकराला. दुसरी खेप पहाटे दोन-तीनच्या सुमारास. ६० मिनिटांचा खेळ तीन तास चालतो, मधे सतत थांबतो. लोक त्याला नावं ठेवतात, पण गिऱ्हाईक करता करता बघायला यासारखा खेळ नाही. एक डाव झाला, की कोणाला पॅरासिटामॉल द्या, सुट्टे पैसे परत करा, तोवर पुढचा डाव लागतो.

संघ माझा ग्रीन बे पॅकर्स. घरी पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा सौ. म्हणाली, "काहून पॅकर्स पॅकर्स लावून ठेवलं? घर बदलून रायलो का आपण?" तर नाही. १९१९ साली गावातल्या इंडियन पॅकिंग कंपनीनं जर्सीसाठी पैसे दिले, म्हणून पॅकर्स. त्यातल्या इंडियनचा आपल्याशी काही संबंध नाही, तरी मला उगाच बरं वाटतं.

मला धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. हा संघ कोण्या शेठचा नाही. गाव जेमतेम लाखभर वस्तीचं, आणि संघाचे भागधारक पाच लाखांच्या वर. शेअरला लाभांश नाही, तो बाजारात विकता येत नाही, भाव चढत नाही. तरी २०२१ मध्ये शेअर काढला तेव्हा लोकांनी ३०० डॉलर देऊन घेतला. माझे वडील सहकारी पतसंस्थेत कारकून होते. सभासद लाभांशावरून वार्षिक सभेत कसे भांडतात ते मी लहानपणी खुर्च्या मांडता मांडता पाहिलंय. लाभांशच नसलेली संस्था शंभर वर्षं चालते, हे त्यांना सांगायला हवं होतं.

आणि जानेवारी २०२१. बुकॅनिअर्सविरुद्ध, घरच्या मैदानावर, जिंकले असते तर सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना. आपल्याकडे मॅच रात्री दीडनंतर सुरू झालेली, शेवटापर्यंत पहाट होत आली होती, करोनाचे दिवस, मी मास्क लावून काउंटरमागे. आठ गुणांनी मागे, दोन मिनिटं उरलेली, चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न, रेषा आठ यार्डांवर. कोचनं सहा गुणांसाठी जायचं सोडून लाथ मारून तीन घेतले. चेंडू परत मिळालाच नाही. ३१-२६. समोर खोकल्याचं औषध मागणारा माणूस मलाच विचारत होता, काका तुम्हाला बरं नाही का.

तर अडचणी अशा. दसऱ्याला दुकान सोडता येत नाही. दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, आमच्या भागात ओआरएस आणि पायदुखीचं मलम पुरत नाही. मी नसताना दुसरा नोंदणीकृत फार्मासिस्ट बसवावा लागेल, म्हणजे जास्तीत जास्त १२ दिवस. सौ. शाकाहारी. व्हिसाचं काही कळत नाही. आणि थंडी. आम्ही ८ अंशाला शेकोटी पेटवणारी माणसं.

लक्ष्मीनगरची ताई

भाऊ, मी लंडनची पाहिली आहे. मुलगा तिकडे शिकत होता, ऑक्टोबर २०२३, टॉटनहॅमचं मैदान. रेव्हन्स आणि टायटन्स, २४-१६. खरं सांगू? त्यातले अठरा गुण एकाच माणसानं लाथेनं मिळवले, तीन-तीन करून सहा वेळा. मी मुलाला म्हटलं, हे जर असंच चालणार असेल तर मी आत जाऊन चहा घेते.

पण मैदान बघण्यासारखं. वरचं सॉकरचं गवत तीन तुकड्यांत सरकून बाजूच्या स्टँडखाली जातं आणि खालून या खेळाची कृत्रिम हिरवळ निघते. सोय सगळी चांगली. मॅच तिथल्या दुपारी अडीचला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी सात. घरच्यांना टीव्हीवर बघता येतं, आणि आम्ही दिसलो का म्हणून फोन करता येतो (नाही दिसलो).

व्हिसा लंडनचा त्यातल्या त्यात सोपा. मुलाखत नसते, ऑनलाइन अर्ज आणि बोटांचे ठसे. निर्णयाला साधारण तीन आठवडे धरा. दोहामार्गे गेलात तर मुंबई टळते. मी तसंच केलं, गुडघे दुखतात माझे.

फक्त एक आहे. तिथे ज्याची मॅच नाही त्याचाही झेंडा असतो. ३२ संघांच्या ३२ रंगांच्या जर्सी घालून लोक आलेले. आमच्या पुढच्या रांगेतल्या माणसानं तर पॅकर्सचीच घातली होती. जत्रा म्हणून छान. पण तुम्ही गावासाठी निघालात, आणि ते गाव काही लंडनला येत नाही.

सडेतोड इतवारी

सात लाख! तेवढ्यात दुकानात नवीन फ्रीज, एसी आणि वर मुलीच्या लग्नाचं अर्धं सोनं. अकरा मिनिटं खेळतात, बाकीचा वेळ उभे राहतात. क्रिकेट बघायला जामठ्याला जा, उन्हात बसा, पाचशे रुपयात भारत दिसतो.

मेडिकल चौकातलं घुबड

इतवारी, मुलगी नाही, मुलगा आहे, आणि त्याला सोनं नको, बाइक पाहिजे. फ्रीज मागच्या वर्षीच घेतला. जामठ्याला मी जातोच. बाकी तुमचं म्हणणं सौ.ला वाचून दाखवलं, ती पूर्णपणे तुमच्या बाजूनं आहे. पण पासपोर्टचा फोटो काढायला कालच जाऊन आली.

ताई, त्या पॅकर्सच्या जर्सीवाल्यानं काम बिघडवलं. लंडन मनातून उतरलं.

महालचा, हल्ली मिलवॉकीत

दादा, नमस्कार. जन्म नागपूरच्या महालात, बारा वर्षं झाली विस्कॉन्सिनात, म्हणजे ग्रीन बेच्याच राज्यात. चार वेळा लॅम्बो फील्डला, म्हणजे पॅकर्सच्या मैदानावर गेलोय. जे माहीत आहे ते सांगतो, क्रम लागणार नाही.

आधी अमेरिकेचा व्हिसा. विमानाचं आणि मॅचचं तिकीट व्हिसा हातात पडल्याशिवाय घेऊ नका. डीएस-१६० फॉर्म ऑनलाइन भरा, फी १८५ डॉलर माणशी, मुलाखत मुंबईला. तारीख मिळायला किती महिने लागतील ते त्या वेळच्या गर्दीवर, म्हणून आजच भरा म्हणतो. मुलाखतीत काय सांगायचं असं लोक विचारतात. खरं सांगा: रात्रपाळीत मॅच बघतो, एकदा प्रत्यक्ष बघायची आहे, बारा दिवसांत दुकानात परत यायचं आहे. दुकानाचं लायसन्स आणि आयकराचे कागद जवळ ठेवा. माझ्या आईला आयुष्यात एकच प्रश्न विचारला होता, मुलगा काय करतो. मिळाला तर बहुतेक दहा वर्षांचा मिळतो, म्हणजे या वर्षी जमलं नाही तरी फी वाया जात नाही.

तारखा मे महिन्यात जाहीर होतात. घरच्या मॅचेस आठ किंवा नऊ. सप्टेंबरचा शेवट धरा: दिवसा वीस अंशांच्या आसपास, तुमच्या दसऱ्याचीही त्या वर्षीची तारीख बघून ठरवता येईल. डिसेंबर शूरांसाठी. तिथे रात्री उणे दहा सहज होतं. ३१ डिसेंबर १९६७ची काउबॉइजविरुद्धची मॅच उणे पंचवीसमध्ये झाली, मैदान तापवायची यंत्रणा बंद पडली, पंचांच्या शिट्ट्या ओठांना चिकटल्या म्हणून त्यांनी उरलेली मॅच ओरडून चालवली. पॅकर्स २१-१७ जिंकले आणि गाव अजून त्याच थंडीवर जगतं. तुम्ही त्या फंदात पडू नका.

दुपारी बाराची मॅच निवडा. रात्रीच्या मॅचची वेळ सीझनमध्ये मागेपुढे होऊ शकते, आणि परत यायला मध्यरात्र होते.

तिकीट. १९६० पासून सीझन तिकिटं संपलेली आहेत, प्रतीक्षायादीत लाखाच्या वर नावं. इकडे बाळ जन्मलं की यादीत नाव घालतात, आणि सीझन तिकीट मृत्युपत्रात लिहून ठेवतात. तेव्हा तुम्हाला मिळणार ते पुनर्विक्रीचं, तिकीटमास्टरसारख्या ठिकाणी. मी गेल्या खेपेला वरच्या टोकाच्या दोन जागांना ३४० डॉलर मोजले, तीही दुबळ्या संघाविरुद्ध. बेअर्स किंवा व्हायकिंग्ज हे जुने वैरी आले की भाव विचारू नका. कागदी तिकीट नसतं, फोनमध्येच असतं. ८० हजार माणसं एका वेळी फोन उघडतात तेव्हा नेट झोपतं, म्हणून हॉटेलातच तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा.

यायचं शिकागोला. तिथून ग्रीन बे सव्वातीनशे किलोमीटर, गाडीनं साडेतीन तास. गाडी चालवायची नसेल तर मिलवॉकीपर्यंत रेल्वे आहे, दीड तास, पुढे बस. मॅचच्या आठवड्यात ग्रीन बेचे हॉटेलवाले शुद्ध हरपतात. अर्ध्या तासावरच्या ॲपल्टनला राहा. नाही तर आमच्याकडे मिलवॉकीत उतरा, महालचा माणूस आहे, लाजू नका.

आता स्टेडियम. ते गावाबाहेर नाही, वस्तीत आहे. गल्लीत चालत जाता, दोन्हीकडे बैठी घरं, आणि एका वळणावर समोर हे एवढं थोरलं उभं. त्या घरांचे लोक आपल्या लॉनवर गाड्या लावू देतात, पाट्या घेऊन रस्त्यावर उभे असतात. (नागपुरात लॉन म्हटलं की लग्न आठवतं. इथलं वातावरण तेच, फक्त वाजंत्री नाही.) मॅच दुपारी बाराची असली तरी लोक सकाळी आठला येऊन गाडीमागे शेगडी पेटवतात. त्याला टेलगेटिंग म्हणतात. अनोळखी माणूस हातात ताटली देतो. बहुतेक सॉसेज असतं, पण वहिनींना चीज कर्ड्स मिळतील, म्हणजे ताज्या चीजचे तळलेले गोळे. न तळलेले, ताजे खाल्ले तर दाताखाली करकर वाजतात. त्यावर तिखट मात्र घरून न्या.

आणखी एक, कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. जुलैच्या शेवटी सराव शिबिर असतं. गावातली लहान पोरं आपापल्या सायकली घेऊन स्टेडियमबाहेर रांगेत उभी राहतात आणि खेळाडू त्या सायकलींवर बसून सरावाच्या मैदानावर जातात. सव्वाशे किलोचा गडी, गुडघे कानाला लागलेले, आणि सायकलचा मालक आठ वर्षांचा, खेळाडूचं हेल्मेट हातात धरून बाजूनं पळतोय. बघायला पैसे पडत नाहीत. मॅच नाही, पण तुम्ही ज्या सहकाराबद्दल लिहिलंत तो मला तिथे दिसला. तिकिटाच्या रांगेत मला तो कधी दिसला नाही.

मेडिकल चौकातलं घुबड

महालकर, हे दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं, कारण सौ. पोळ्या करत होती. सायकलीपाशी तिचं लाटणं थांबलं.

तरी मॅचच. सायकली बघून परत आलो आणि मॅच राहिली, तर मेडिकल चौकात तोंड दाखवायला जागा नाही. फॉर्म काल रात्री भरला, दोघांचा, पावणेतीन वाजता. पैसे भरताना हात थोडा थरथरला, ते इतवारींना कळवू नये. दुकानासाठी माझ्या वर्गमित्राच्या मुलाला विचारलंय, त्याची नोंदणी झालेली आहे. फक्त रविवारची रात्र बसायला तो कुरकुर करतोय. त्याला मॅच बघायला शिकवतोय. चार प्रयत्न आणि दहा यार्ड इथपर्यंत आला आहे.

औषधांचं माझं मी बघीन. इतर कोणी जाणार असेल तर एवढं ऐका: रोजच्या गोळ्या मूळ पाकिटात ठेवा, डॉक्टरच्या चिठ्ठीवर ब्रँडचं नव्हे तर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध बॅगेत टाकू नका. दुकानदार म्हणून सांगतो, तिकडे कोणाला त्याचं कौतुक नाही.

सौ.चे दोन प्रश्न आहेत. एक, पर्स आत नेता येते का. दोन, तिथे म्हणे खुर्च्या नाहीत, ॲल्युमिनियमचे बाक आहेत. गार लागू नये म्हणून घरची सतरंजी चालेल का? सतरंजी नेहमीची, निळ्या पट्ट्यांची, लग्नाकार्यात असते ती.

महालचा, हल्ली मिलवॉकीत

वहिनींना सांगा, पर्स तळहाताएवढीच चालते. बाकी सगळं पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत, १२ बाय ६ बाय १२ इंच, त्याहून मोठी पिशवी दारात अडते.

बाकांचं खरं आहे, बहुतेक ठिकाणी बाकच आहेत, आणि दोन जाड माणसांमध्ये तुमच्या वाट्याला वीतभर येतो. सतरंजी चालते. पण पिशवीत कोंबू नका, घडी मोडून खांद्यावर टाकून या. दारावरचा माणूस झटकून बघेल आणि सोडेल.

लक्ष्मीनगरची ताई

निळ्या पट्ट्यांची नको हो. पॅकर्सचा रंग हिरवा-पिवळा ना? इतवारीच्या बाजारात मिळेल, आपल्या सडेतोड इतवारींनाच सांगा आणायला.

सडेतोड इतवारी

मिळते. दोन दिवसांत कळवतो. भाव करून देईन.