दोन वर्षांच्या मुलीला अंगणात खेळायला घरातलं काय द्यावं?

सईची_आई: मागच्या अंगणात जुनी परात, गाळणं आणि पळी देऊन लेकीला बसवते. चिखल मनसोक्त झाला. आता आणखी काय देऊ? अजून सगळं तोंडात जातं, म्हणून राजमा-चणे नकोत.

परसदार_आजी: कॉर्नफ्लॉवर दोन वाट्या, पाणी एक वाटी. मुठीत दाबलं की घट्ट होतं, मूठ उघडली की बोटांतून ओघळतं. माझा नातू यात किती रमतो म्हणून सांगू! उरलेलं मोरीत ओतू नकोस गं, तुंबते. परातीतच वाळू दे आणि खरवडून टाक.

रंगीबेरंगी: हळदीच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाका, लालसर होतं. लिंबू पिळलं की फसफसून परत पिवळं. सोडा मात्र आपणच टाकायचा.

सईची_आई: वा! पण हळदीचे डाग?

परसदार_आजी: जुना झबला घाल. धुऊन कडक उन्हात टाकलास की डाग फिके पडतात. आणि एक ऐकच, हात धुवायची बादली भरलेली सोडून आत जाऊ नकोस, फोन वाजला तरी. एवढी पोरं थोड्याशा पाण्यातही बुडू शकतात. खेळ संपला की बादली लगेच उपडी कर.