सिझरचं इन्फेक्शन टाळायला काय लावू? (मदत हवी आहे, जरा घाई आहे)

घाईतलाबाबा: बायकोचं सिझर झालंय. टाक्यांना इन्फेक्शन होऊ नये म्हणून कुठलं मलम लावायचं? फाइलमध्ये फक्त 'जखम कोरडी ठेवा' एवढंच खरडलंय. उपदेश नको, नाव सांगा.

दोनदाआई: कितवा दिवस? टाके काढायचेत की विरघळणारे?

लालपेन: मी दोन्ही वेळेस हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसलं. फेस आला की समजायचं जंतू मेले. खडखडीत बरी झाले.

ओटीसिस्टर: अजिबात नको! रक्त लागलं की पेरॉक्साइड फेसाळतंच, जंतू असोत-नसोत. वर नवीन भरून येणाऱ्या पेशीही मारतं. मलमसुद्धा मनाने लावू नका. इन्फेक्शन टाळायचं मोठं काम ऑपरेशनच्या टेबलावरच होतं: चीर देण्याआधीच्या तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक, केस काढायचेच तर वस्तऱ्याऐवजी क्लिपरने, कातडीवरचे जंतू मारायला क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोल लावून ते पूर्ण वाळू देणं. घरी उरतं ते हात धुणं आणि जखम कोरडी ठेवणं.

चौकसबुवा: अँटिबायोटिक नाळ कापल्यावर देतात ना? आमच्या वेळी तसंच होतं.

ओटीसिस्टर: बाळाच्या अंगात जाऊ नये म्हणून तसं द्यायचे. आधी दिलं तर आईला इन्फेक्शन कमी होतं हे दिसलं, मग पद्धत बदलली.

निसर्गमित्र: मुळात सिझरच टाळायला हवं होतं. हल्ली उठसूट...

दोनदाआई: झालं का सुरू! त्यांनी हे विचारलंय का? बाबा, दिवस सांगा हो.

घाईतलाबाबा: सहावा. टाके दिसत नाहीत, आतून आहेत म्हणे. थोडं ओलं आहे, म्हणून तर विचारतोय.

लालपेन: अंघोळ घातली असणार. मी पंधरा दिवस पाणी लागू दिलं नव्हतं.

ओटीसिस्टर: अंघोळीने बिघडत नाही. पाणी वरून वाहू द्यायचं, चोळायचं नाही, स्वच्छ कापडाने टिपायचं. पण 'थोडं ओलं' म्हणजे नक्की काय? रंग? वास? ताप?

घाईतलाबाबा: कालपासून अंतर्वस्त्राच्या इलॅस्टिकवर नखाएवढा पिवळट डाग पडतोय. पोटाची वळी वर उचलली तरच जखम दिसते. डाव्या टोकाला लाल आणि टणक आहे. ताप मोजला नव्हता, आत्ता मोजला: १०१.

ओटीसिस्टर: हे आधी सांगायचं ना! मलम विसरा, आजच दाखवा. आत पू असेल तर वरून लावलेलं तिथे पोचत नाही. ताप गर्भाशयातल्या इन्फेक्शनचाही असू शकतो, तेही बघतील. जखमेचं असं इन्फेक्शन चौथ्या ते सातव्या दिवशीच बहुधा डोकं वर काढतं. आणि वळीखाली घाम साचतो, 'कोरडी ठेवा' ते त्यासाठी.

कंबरपट्टा: पोट आत जायला पट्टा कधीपासून बांधायचा?

घाईतलाबाबा: परत आलो. डावं टोक थोडं उघडून पू काढला, तपासायला पाठवलाय. आत गॉज भरलाय, रोज बदलायचा. गोळ्या सुरू केल्यात, दूध चालू ठेवा म्हणाले. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "वरून काही लावलंत का?" नाही म्हटलं. (पेरॉक्साइडची बाटली आणून ठेवली होती, हे बोललो नाही.)

लालपेन: मला तर गुण आला होता, एवढंच म्हणेन.

कंबरपट्टा: पट्ट्याचं कुणी सांगेल का?